अमेरिकेच्या इतिहासातल्या संज्ञा डोक्यात राहत नाहीत? आधी पैसे कुणाच्या खिशातून गेले ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर आहे, गाईडमधून काढलेली ऐंशीएक संज्ञांची यादी आहे, प्रत्येकीची चार ओळींची व्याख्या पाठ आहे, तरी आठवड्याभरात सगळी खिचडी होते. 'शेरमन' नावाचे दोन कायदे वेगळे ठेवता येत नाहीत. 'नॅशनल बँक' म्हणजे नक्की कोणती, ते कळत नाही. राज्यांच्या हक्कांसाठी भांडणारा डेमोक्रॅटिक पक्ष पुढे केंद्र सरकारचा पसारा वाढवणारा कसा झाला, हेही कोडंच आहे. तर या संज्ञा कोणत्या क्रमाने पाठ कराव्यात?

क्रम बदलून फार फरक पडेल असं मला वाटत नाही. मी हा पेपर बरीच वर्षं शिकवतो, उत्तरपत्रिकाही तपासतो. बहुतेक उत्तरांत व्याख्या बरोबर असते, पण तिच्यात माणसं नसतात. 'संरक्षक जकात म्हणजे देशी उद्योगांच्या संरक्षणासाठी परदेशी मालावर बसवलेला कर' हे वाक्य अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात खपेल. त्यात साउथ कॅरोलायनाचा कापूस मळेवाला आणि मॅसॅच्युसेट्सचा गिरणीमालक आले, एकाच्या खिशातून काय गेलं आणि दुसऱ्याच्या पदरात काय पडलं हे आलं, की मग ती अमेरिकेच्या इतिहासातली संज्ञा होते. खरी अडचण स्मरणशक्तीची नाही. तुमच्या यादीतली प्रत्येक संज्ञा कुठल्या तरी भांडणातून निघालेली आहे, आणि गाईडने भांडण गाळून फक्त नाव ठेवलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमची परीक्षा कशी आहे, यावर बरंच अवलंबून आहे. निव्वळ पर्यायी प्रश्न असतील तर सनावळीचा तक्ता करून भिंतीवर लावा, तेवढ्यावर भागेल. 'टिपा लिहा' आणि दीर्घोत्तरी प्रश्न असतील, किंवा पुढे नेट-सेट द्यायची असेल, तर पुढचं वाचा. तुमच्या विद्यापीठाचा पेपर १८६५ पासून सुरू होत असेल तर अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या काळावर (१८२९-३७) मी सांगतोय त्याहून कमी वेळ घालवा, पण तो भाग अजिबात सोडू नका.

मी वर्गात कोणतीही संज्ञा आली की तीन गोष्टी विचारायला लावतो. पैसे कुणाच्या खिशातून निघाले आणि कुणाच्या खिशात गेले? निर्णय घ्यायचा अधिकार कुणाचा मानला गेला: वॉशिंग्टनचा, घटक राज्याचा की न्यायालयाचा? आणि पैसा म्हणून काय चालत होतं: सोनं, चांदी की कागद? तिन्हींची उत्तरं प्रत्येक ठिकाणी मिळतीलच असं नाही. पण दोन मिळाली तरी संज्ञा डोक्यात घर करते.

जकातीपासून सुरू करू. अमेरिकेच्या घटनेने निर्यातीवर कर लावायला मनाई केली आहे. प्राप्तिकर कायमचा आला तो १९१३ नंतर. म्हणजे यादवी युद्धापर्यंत (१८६१-६५) केंद्र सरकारचा खर्च भागायचा तो मुख्यतः आयात मालावरच्या जकातीतून, आणि थोडाफार सरकारी जमिनी विकून. त्यामुळे जकात किती असावी हा प्रश्न एकाच वेळी तिजोरीचा, उद्योगांचा आणि प्रदेशाप्रदेशांतल्या वैराचा होता. पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९१ सालीच उद्योगांना सरकारी हात द्यावा असा अहवाल काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे ठेवला होता. १८१६ पासून जकात उघडपणे संरक्षक झाली. दक्षिणेचा हिशेब सरळ होता: आपण कापूस लिव्हरपूलला विकतो, तिथूनच कापड आणि लोखंडी सामान स्वस्तात आणू शकतो, मग उत्तरेतल्या गिरण्या जगवायला ते महाग का घ्यायचं?

१८२८ चा टॅरिफ कायदा या भांडणाचा कळस. दक्षिणेने त्याला 'टॅरिफ ऑफ ॲबॉमिनेशन्स' म्हटलं, म्हणजे किळसवाणी जकात. तो कसा झाला हे परीक्षेत क्वचित विचारतात, पण फार मजेशीर आहे. त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि जॅक्सन उमेदवार होता. जॅक्सनच्या समर्थकांनी लोकर, लोखंड, रम गाळायला लागणारी मळी अशा कच्च्या मालावरही जबर जकात घातली. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतल्या गिरणीवाल्यांना आणि जहाजवाल्यांना हा माल हवा असायचा, म्हणून त्यांचे प्रतिनिधी चिडून विधेयक पाडतील, आणि खापर विरोधकांवर फुटेल, असा दक्षिणेचा अंदाज होता. पण न्यू इंग्लंडमधल्या पुरेशा लोकांनी नाक दाबून होकार दिला आणि विधेयक मंजूर झालं. डाव अंगाशी आला.

यातूनच 'नलिफिकेशन' आलं. उपाध्यक्ष असलेल्या जॉन कॅल्हूनने नाव न घालता एक मसुदा लिहिला: संघराज्य हा राज्यांमधला करार आहे, म्हणून घटनाबाह्य वाटणारा केंद्राचा कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवायचा हक्क राज्याला आहे. नोव्हेंबर १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने तसा ठराव केला आणि १ फेब्रुवारी १८३३ पासून आमच्या बंदरांत ही जकात वसूल होणार नाही असं जाहीर केलं. जॅक्सन स्वतः दक्षिणी, गुलाम बाळगणारा आणि राज्यांच्या हक्कांचा पाठीराखा. तरी त्याने हा देशद्रोह आहे असं ठणकावलं. २ मार्च १८३३ रोजी त्याने दोन कागदांवर सह्या केल्या: जकात वसुलीसाठी सैन्य वापरायची मुभा देणारा 'फोर्स बिल' आणि हेन्री क्लेच्या तडजोडीचा कायदा, ज्यात १८४२ पर्यंत जकात टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांवर आणायची होती. साउथ कॅरोलायनाने आपला ठराव मागे घेतला आणि लगेच फोर्स बिल रद्दबातल ठरवलं. जकातीचा तंटा मिटल्यावर त्या ठरावाला काही अर्थ उरला नव्हता, पण हट्ट सोडायचा नव्हता.

आता खरी मेख. बांधाचं भांडण बहुतेक वेळा बांधाचं नसतं, हे आपल्याकडे गावात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कॅल्हूनने १८३० सालच्या एका खासगी पत्रात स्वतःच लिहून ठेवलं आहे की जकात हे निमित्त आहे, मूळ कारण नाही. मूळ कारण गुलामगिरी. आज जकातीबाबत केंद्रापुढे मान तुकवली तर उद्या बहुमतवाली उत्तर गुलामगिरीला हात घालेल, ही भीती. म्हणून 'नलिफिकेशन' वर टीप लिहिताना जकातीपाशी थांबलात तर निम्मे गुण गेले म्हणून समजा.

'राज्यांचे हक्क' या संज्ञेबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. अमेरिकेत हे तत्त्व म्हणून फार थोड्यांनी पाळलं. १८१२ च्या युद्धात व्यापार बुडाला तेव्हा १८१४ च्या अखेरीस हार्टफर्डला जमून राज्यांच्या हक्कांची भाषा केली ती न्यू इंग्लंडने. १८५० च्या दशकात पळालेल्या गुलामांना पकडून परत द्यायच्या केंद्रीय कायद्याला विस्कॉन्सिनसारखी उत्तरेची राज्यं आडवी गेली, आणि तेव्हा केंद्राने बळ वापरावं म्हणून दक्षिण ओरडत होती. वॉशिंग्टन आपल्या हातात नसलं की राज्यांचे हक्क आठवायचे, असा साधारण रिवाज. हे ध्यानात ठेवलं की पक्षांच्या कोलांटउड्यांचं नवल वाटत नाही.

बँकेचा गोंधळ पटकन सोडवू. पहिली 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स' १७९१ ते १८११, हॅमिल्टनची. दुसरी १८१६ ते १८३६, जिच्यावर मेरीलँड राज्याने कर लावायचा प्रयत्न केला आणि १८१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो हाणून पाडला, आणि जिच्या मुदतवाढीचं विधेयक जॅक्सनने जुलै १८३२ मध्ये नकाराधिकार वापरून फेटाळलं. या दोन्ही म्हणजे प्रत्येकी एकच बँक, काही भांडवल सरकारी, बाकी खासगी. यादवी युद्धात १८६३-६४ च्या कायद्यांनी आलेल्या 'नॅशनल बँका' वेगळ्याच: केंद्राचा परवाना असलेल्या अनेक खासगी बँका. आणि २३ डिसेंबर १९१३ चा फेडरल रिझर्व्ह कायदा चौथी पायरी. तिथेही एकच मध्यवर्ती बँक म्हटलं असतं तर पश्चिम आणि दक्षिण उखडली असती, म्हणून बारा प्रादेशिक बँका आणि वर वॉशिंग्टनला एक मंडळ. जॅक्सनचं भूत ऐंशी वर्षांनंतरही मानेवर बसलेलं होतं.

आता तुमच्या शेरमनकडे येतो. तुमच्या यादीतल्या निदान पंधरा संज्ञा इथे एका गाठीत सापडतात, म्हणून या भागावर जास्त वेळ घालवा.

यादवी युद्धाचा खर्च भागवायला सरकारने १८६२ पासून 'ग्रीनबॅक' छापले, मागे सोनं नसलेल्या कागदी नोटा. युद्ध संपल्यावर सावकार आणि पूर्वेकडच्या बँका म्हणू लागल्या की पैसा पुन्हा सोन्याशी बांधा. १ जानेवारी १८७९ पासून नोटेला सोनं मिळू लागलं. त्याआधी १८७३ च्या नाणे कायद्यात चांदीचा डॉलर पाडणं बंद झालं होतं. तेव्हा कुणी फार ओरडलं नाही, कारण चांदी बाजारात जास्त भावाने जायची, टांकसाळीत कोण नेणार? पण नेव्हाडाच्या खाणींतून चांदी वाहू लागली, जर्मनीने चांदी टाकून सोनं धरलं, भाव गडगडला, आणि मग तोच कायदा 'त्र्याहत्तरचा गुन्हा' म्हणून बदनाम झाला.

कॅन्ससचा शेतकरी यात का चिडला, ते आकड्यात मांडा. समजा त्याने हजार डॉलरचं कर्ज काढलं तेव्हा गहू बुशेलला (धान्याचं माप) एक डॉलर होता. फेडायची वेळ आली तेव्हा गहू अर्ध्या डॉलरवर. कर्ज हजारच, पण आता ते फेडायला हजाराऐवजी दोन हजार बुशेल गहू घालावा लागणार, व्याज वेगळंच. देशाची लोकसंख्या आणि माल वाढतोय, सोन्याला बांधलेला पैसा त्या वेगाने वाढत नाही, म्हणून भाव उतरतात. सावकाराच्या दृष्टीने याचं नाव 'सुवर्ण परिमाण', कर्जदाराच्या दृष्टीने गळफास. 'फ्री सिल्व्हर' ही त्यावरची मागणी: कुणीही चांदी टांकसाळीत आणावी आणि १६ औंस चांदीला १ औंस सोन्याच्या दराने तिची नाणी पाडून न्यावी. १८९६ च्या सुमारास बाजारात हे प्रमाण ३० ला १ च्या आसपास होतं. म्हणजे मागणी मान्य झाली असती तर पैसा वाढला असता, कर्ज हलकं झालं असतं, आणि चांदीच्या खाणमालकांची तर चंगळ झाली असती. शेतकऱ्याच्या चळवळीमागे खाणमालकाचा पैसा का होता, हे यातून कळतं.

आता १८९० हे एकच वर्ष घ्या. २ जुलैला शेरमन अँटीट्रस्ट कायदा, म्हणजे मक्तेदारीविरोधी. १४ जुलैला शेरमन सिल्व्हर पर्चेस कायदा, म्हणजे सरकारने दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घ्यायची. १ ऑक्टोबरला मॅकिन्ली टॅरिफ, तोवरच्या सर्वांत चढ्या जकातींपैकी एक. तिन्ही रिपब्लिकन काँग्रेसचे, आणि हा योगायोग नव्हता. १८८९-९० मध्ये नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, मॉन्टाना, वॉशिंग्टन, आयडाहो आणि वायोमिंग ही सहा राज्यं संघात आली, म्हणजे सिनेटमध्ये पश्चिमेचे बारा नवे सदस्य, त्यांतले बरेच चांदीवाले. पूर्वेकडच्या रिपब्लिकनांना टॅरिफसाठी त्यांची मतं हवी होती. सौदा झाला: तुम्ही जकातीला हात वर करा, आम्ही चांदी विकत घेतो. मक्तेदारीविरोधी कायदा लोकक्षोभ शमवण्यासाठी. सिनेटमध्ये त्याच्या विरोधात फक्त एक मत पडलं. इतक्या एकमताने झालेला कायदा कुणाला तरी खरोखर बोचणार होता का, अशी शंका तेव्हाही घेतली गेली, आणि पुढे पाच वर्षं पाहिली तर ती शंका रास्त वाटते.

दोन शेरमन वेगळे ठेवायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही. ओहायोचा सिनेटर जॉन शेरमन एकच. एक कायदा ट्रस्टवर, म्हणजे एका धंद्यातल्या कंपन्यांच्या मक्तेदार गटांवर, चिडलेल्या जनतेसाठी, दुसरा सौद्यातली किंमत म्हणून. हे सूत्र धरलं की कलमं आपोआप लागतात. मतदारांनी मात्र टॅरिफचा राग काढला. नोव्हेंबर १८९० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांना प्रतिनिधिगृहात शंभरीही गाठता आली नाही, आणि टॅरिफचा कर्ता मॅकिन्ली स्वतःच निवडणुकीत पडला.

पुढचा भाग आपल्याशी जोडलेला आहे. चांदी विकत घेताना अमेरिकेचा खजिना ज्या नोटा द्यायचा, त्या लोक आणून सोनं मागायचे. सोनं आटत चाललं. १८९३ च्या सुरुवातीला रेल्वे कंपन्या आणि बँका बुडायला लागल्या. तशात २६ जून १८९३ रोजी ब्रिटिश सरकारने भारतातल्या टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीला बंद केल्या. म्हणजे मुंबईच्या टांकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून आणायची जुनी सोय संपली. चांदीचं जगातलं एक मोठं गिऱ्हाईक उठून गेलं, काही दिवसांतच भाव कोसळला आणि कोलोरॅडोच्या खाणी बंद पडू लागल्या. अध्यक्ष क्लीव्हलँडने महिना संपायच्या आत काँग्रेसचं खास अधिवेशन पुकारलं, आणि १ नोव्हेंबरला चांदी खरेदीचा कायदा रद्द झाला. क्लीव्हलँड डेमोक्रॅट, पण सोनेवाला. त्याचा पक्ष तिथेच दुभंगला. रुपयाची हीच कहाणी डॉ. आंबेडकरांनी लंडनच्या आपल्या प्रबंधात तपासली, तो १९२३ साली ग्रंथरूपाने आला. चलनाचा धडा अवघड जात असेल तर आधी रुपयाची बाजू वाचा, मग डॉलरची. माझ्या विद्यार्थ्यांना तो मार्ग सोपा गेला आहे.

याआधीचा असाच एक दुवा तुम्हाला बहुधा माहीत असेल. १८६१ ला युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस लिव्हरपूलला जायचा थांबला, मुंबईत पैशाचा पाऊस पडला, प्रेमचंद रायचंद आणि बॅक बेचे शेअर आभाळाला भिडले, आणि १८६५ ला युद्ध थांबताच सगळं कोसळलं. आणि गुलामगिरी संपवल्याबद्दल महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. हे उत्तरात घालायचंच असं नाही, पण तारखा लक्षात ठेवायला मदत होते.

१८९५ सालात सर्वोच्च न्यायालयाने तीन निकाल दिले, ते एकत्र ठेवून वाचा. साखर शुद्धीकरणाचा जवळजवळ सगळा धंदा एका ट्रस्टच्या हातात होता. न्यायालय म्हणालं, उत्पादन म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, तेव्हा शेरमन कायदा लागू नाही. श्रीमंतांवरचा दोन टक्के प्राप्तिकर घटनाबाह्य ठरला. आणि रेल्वे संपात न्यायालयाचा मनाईहुकूम मोडला म्हणून कामगार पुढारी युजीन डेब्झचा तुरुंगवास मात्र कायम झाला. साखरेच्या ट्रस्टपुढे हात टेकणारं केंद्र, संपापुढे एकदम बलवान. 'लेझे फेअर', म्हणजे सरकारने धंद्यात हात घालू नये हा विचार, या संज्ञेवर टीप आली तर हे लिहा. अमेरिकेतल्या उद्योगपतींना सरकार नको होतं असं गाईड सांगतं. प्रत्यक्षात जकात, रेल्वेला फुकट जमिनी, संप मोडायला सैन्य, हे सगळं हवंच होतं. नको होती ती देखरेख.

शेतकऱ्यांचा 'पीपल्स पार्टी' म्हणजे पॉप्युलिस्ट पक्ष १८९२ साली ओमाहाच्या अधिवेशनातून उभा राहिला. चांदी, उत्पन्नाप्रमाणे वाढता प्राप्तिकर, रेल्वे सरकारी मालकीची, सिनेटर थेट जनतेने निवडावेत अशा त्यांच्या मागण्या. त्या वर्षी त्यांना दहा लाखांवर मतं पडली. १८९६ ला शिकागोत विल्यम जेनिंग्ज ब्रायनने मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका असं भाषण ठोकलं, आणि डेमोक्रॅटांनी चांदीसकट त्यालाच उमेदवार केलं. पॉप्युलिस्टांनीही त्यालाच पाठिंबा दिला आणि त्यात त्यांचा पक्ष विरघळला. ब्रायन हरला तो मॅकिन्लीकडून. पूर्वेकडचा गिरणी कामगार त्याच्या मागे आला नाही, कारण महागाई झाली तर धान्य महागणार आणि पगार तेवढाच राहणार. पुढे दक्षिण आफ्रिका आणि क्लोंडाइकचं सोनं बाजारात आलं, भाव आपोआप वर गेले, आणि चांदीचा प्रश्न न सुटताच मागे पडला. पण बाकीच्या मागण्या पाहा: १९१३ मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीने प्राप्तिकर आला, सतराव्या घटनादुरुस्तीने सिनेटरांची थेट निवड आली, आणि ती सतरावी दुरुस्ती परराष्ट्रमंत्री या नात्याने जाहीर केली ती ब्रायननेच.

तुमचं तिसरं कोडं, डेमोक्रॅटांचं, इथेच सुटतं. जेफरसन-जॅक्सनच्या डेमोक्रॅटांना केंद्र लहान हवं होतं, कारण मोठं केंद्र म्हणजे बँकवाल्यांना आणि गिरणीवाल्यांना सवलती असा त्यांचा अनुभव. ब्रायनच्या वेळी हाच लहान माणूस म्हणू लागला की रेल्वे आणि ट्रस्टपुढे राज्य सरकार पुरं पडत नाही, केंद्रच हवं. १९३३ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टने ते प्रत्यक्षात आणलं. 'न्यू डील', म्हणजे मंदीवर उपाय म्हणून त्याने आणलेला कार्यक्रम, त्यातल्या योजनांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा भांडण बघा: १९३५ मध्ये न्यायालयाने ब्रुकलिनच्या एका कोंबडी विक्रेत्याच्या खटल्यात सरकारने उद्योगांना घालून दिलेली नियमांची संहिताच मोडीत काढली, युक्तिवाद बराचसा १८९५ च्या साखर खटल्याच्या वळणाचा. १९३७ ला रूझवेल्टने न्यायाधीशांची संख्या वाढवायचा घाट घातला, तो फसला, पण त्याच वसंतात न्यायालयाने आपली भूमिका बदलली आणि कामगार संघटनांचा कायदा टिकला.

मात्र 'लहान माणूस' हा शब्द जपून वापरा. जॅक्सनच्या लहान माणसासाठी १८३० च्या कायद्याने मूलनिवासींना त्यांच्या जमिनीवरून हुसकून काढलं. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेतले बहुसंख्य काळे कामगार याच दोन कामांत होते. न्यू डीलला दक्षिणेच्या गोऱ्या डेमोक्रॅटांची मतं लागत होती, हे त्यामागचं एक कारण म्हणून सांगितलं जातं. अभ्यासकांत यावर वाद आहे, म्हणून उत्तरात 'एक कारण' असंच लिहा. दक्षिणेचे गोरे मतदार या पक्षापासून मोठ्या प्रमाणावर दुरावले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर.

टीप कशी लिहायची त्याचा नमुना म्हणून 'फ्री सिल्व्हर' घेतो. 'यादवी युद्धानंतर भाव सतत उतरत गेल्याने पश्चिम आणि दक्षिणेतल्या कर्जदार शेतकऱ्यांवरचा बोजा वाढला. १८७३ च्या कायद्याने चांदीचा डॉलर बंद झाला होता. चांदीची नाणी १६ ला १ या प्रमाणात अमर्याद पाडावीत, म्हणजे चलन वाढेल, ही मागणी शेतकरी आणि खाणमालक दोघांनी उचलली. १८७८ आणि १८९० च्या चांदी खरेदीच्या कायद्यांनी ती अंशतः मान्य झाली, १८९३ च्या अरिष्टात दुसरा कायदा रद्द झाला. १८९६ ला ब्रायनच्या पराभवाने ती मागणी संपली आणि १९०० च्या कायद्याने सुवर्ण परिमाणावर शिक्कामोर्तब झालं.' पाच वाक्यं, पाच गुण. परीक्षकाला कोण, का, कधी, आणि पुढे काय, हे चारही मिळालं.

यादी १७७६ पासून वाचू नका. १८९० पासून सुरू करा, तिथून मागे जॅक्सनपर्यंत जा, मग पुढे १९३७ पर्यंत या. मधल्या उरलेल्या संज्ञा बऱ्याचशा आपोआप जागी बसतील. काही बसणार नाहीत, 'मन्रो सिद्धांत' किंवा परराष्ट्र धोरणातल्या इतर. त्यांना ही पद्धत फारशी लागू पडत नाही, त्या सरळ पाठ करा.

सरावाला एक देतो. मॅकिन्ली टॅरिफने कच्च्या साखरेवरची जकात काढली आणि देशातल्या साखर उत्पादकांना साखरेच्या पौंडामागे दोन सेंट अनुदान दिलं. हवाईच्या मळेवाल्यांना १८७५ च्या करारापासून अमेरिकेत विनाजकात साखर विकण्याचा जो वरचष्मा होता, तो एका फटक्यात गेला. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला गादीवरून कुणी उतरवलं आणि १८९८ ला हवाई अमेरिकेत सामील होण्यात कुणाचा फायदा होता, हे वरच्या तीन प्रश्नांतून दहा ओळींत लिहून पाठवा. वाचून सांगतो.